इत्तोच्या रक्तातला हमाल

मी हिमोग्लोबिन. पळता पळताच बोलतो आहे, कारण थांबून बोलायची सोय मला कुणी ठेवलेली नाही. हे वाक्य सुरू केलं तेव्हा मी इत्तोच्या पायाच्या अंगठ्यात होतो, संपेपर्यंत तिच्या गुडघ्याच्या वर आलो. मधेच माझं बोलणं तुटलं तर समजून घ्या. हृदयातून जाताना फार ढकलाढकली असते.

काम तसं हमालीचं. फुप्फुसात जायचं, प्राणवायू उचलायचा, ज्याला हवा त्याच्या दारात उतरवायचा आणि पुन्हा फुप्फुस गाठायचं. मला चार जागा आहेत, प्रत्येक जागेवर लोखंडाचा एकेक कण. इत्तोचा नवरा हद्दू आमच्या डोंगरातल्या अझ्रू गावाहून खाली मेकनेस शहराला टॅक्सी चालवतो. त्याच्या जुनाट मर्सिडीजमध्ये पहिला प्रवासी बसायला फार आढेवेढे घेतो, पण एकदा एक जण टेकला की बाकीचे भराभर येऊन बसतात. माझंही तसंच आहे. पहिला प्राणवायू जरा मान देऊन बसवावा लागतो, उरलेले तिघे आपोआप चढतात. फरक एवढाच की गाडी भरेपर्यंत हद्दू अड्ड्यावर पत्ते कुटत बसतो. मला ते सुख नाही.

माझा जन्म इत्तोच्या कमरेच्या हाडात झाला. हिवाळ्याच्या तोंडाशी डोंगराखाली जैतुनाची फळं झोडपून पाडायचे दिवस होते आणि इत्तोचं पोट चांगलंच दिसू लागलं होतं. माझ्यासारखे असंख्य जण एका लाल पेशीत कोंबून भरलेले. आम्हाला जागा व्हावी म्हणून त्या पेशीने स्वतःचा गाभाच बाहेर फेकून दिला. ऐकायला मोठा त्याग वाटतो, पण त्यामुळे आमच्या घरात डागडुजी करणारं कुणी उरलं नाही. मोडलं की मोडलं. दारं-खिडक्या आहेत तोवर पळायचं, एवढंच आम्हाला ठाऊक.

माझ्यातलं लोखंड मसुरातून आलं, थोडं मेंढीच्या काळजातून. आणखी आलं असतं, पण या लोकांना जेवणावर पुदिन्याचा चहा लागतोच. वरून खाली धार धरून, फेस काढून, पेल्यावर पेले. इत्तो मसूर खायची आणि पाठोपाठ चहा ओतायची. तो चहा पोटात लोखंडाला असा मिठी मारून बसायचा, की निम्मं लोखंड माझ्यापर्यंत पोचायचंच नाही. मी तिथून जाताना चरफडायचो. पण ऐकतो कोण!

बाहेरचं जग मला तुकड्यातुकड्यांनी कळतं. डोळ्यामागून जाताना थोडं दिसतं, कानाच्या आतून जाताना थोडं ऐकू येतं. त्या हिवाळ्यात ऐकू यायचा तो बहुतेक लल्ला तूदाचा आवाज. ती इत्तोची सासू; लल्ला ही इकडे मोठ्या बाईला मानाने मारायची हाक. आवाज असा की देवदाराच्या जंगलातली माकडंसुद्धा वळून बघतील. जीव मात्र सुनेवर ओतलेला.

पोटातल्या बाळाची आणि माझी भेट वारेपाशी व्हायची. पलीकडे माझ्याच जातीचा, पण बाळाच्या रक्तातला, कोवळा हिमोग्लोबिन उभा असायचा. नमस्कार-चमत्कार नाही, सरळ माझ्या हातातला प्राणवायू ओढून घ्यायचा. त्याची पकड माझ्यापेक्षा घट्ट. मी कुरकुरायचो, आणि खरं सांगतो, मला ते आवडायचंही. आईच्या रक्तातून लेकराने ओरबाडून घ्यायचं नाही तर कुणी?

फेब्रुवारीत, बर्फ पडत असताना, मुलगी झाली. बाळंतपण अवघड गेलं. माझे किती सोबती त्या दिवशी चादरीवर वाहून गेले, ते आठवलं की अजून कसंतरी होतं. उरलो ते आम्ही थोडे, आणि काम तेवढंच. दुप्पट पळायला लागलो. हृदयही मागून ढकलायचं, चल, चल, थांबू नकोस. एवढं करूनही हातापायांच्या टोकांना आम्ही पुरे पडत नव्हतो, म्हणून इत्तोला सारखी थंडी वाजायची.

थंडी वाजते म्हटल्यावर लल्ला तूदा गप्प बसणार होती थोडीच.

"हात बघ, गोठलेत नुसते!" ती इत्तोची बोटं चोळत म्हणाली. "बाळंतिणीच्या हाडात एकदा थंडी शिरली की जन्मभर निघत नाही, पोरी. माझ्या नणंदेच्या शिरली होती. नातवंडं झाली तरी कण्हतेय."

"लल्ला, जरा दार उघडं ठेवू का? जीव गुदमरतो."

"बाळंतिणीच्या खोलीचं दार? चाळिसावा दिवस उलटला की ठेव हवं तेवढं उघडं. तोवर मी आहे आणि ही शेगडी आहे."

शेगडी मातीची, हाताच्या कवेत मावणारी. लल्ला तूदा तिच्यात अंगणात कोळसे पेटवायची, धूर पुरता निघून जाऊ द्यायची आणि निखारे लालबुंद झाले की शेगडी आत आणून इत्तोच्या गादीशेजारी ठेवायची. धूर गेला म्हणजे भीती गेली, असं त्या वाड्यावस्त्यांवरची प्रत्येक बाई मानते. वर कुणाचं डोकं दुखलं तर म्हणायचं, उकडलं असेल.

आधीचे काही दिवस बाळंतीण बघायला बायकांची रीघ होती. दार सारखं उघडायचं, मिटायचं, वारा यायचा, निभावलं. मग बर्फ वाढला आणि एका दुपारी फक्त शेजारची हनिया तेवढी आली. ती आणि लल्ला तूदा बरोबरीच्या. एकमेकींच्या उखाळ्यापाखाळ्या काढल्याशिवाय दोघींना अन्न पचत नाही. शेगडी सकाळपासून पेटलेली होती.

त्याच दुपारी फुप्फुसाच्या दारात मला तो वेगळा प्रवासी भेटला.

दिसायला थेट प्राणवायूसारखा. वास नाही, रंग नाही, आवाज नाही. मी त्याला चढवून घेतलं. चढवून कसलं, ओढूनच घेतलं! माझी घडणच अशी आहे की प्राणवायूपेक्षा याची मला कितीतरी अधिक ओढ. चेहरे वाचायला मला कुणी शिकवलेलं नाही. तो ऐसपैस बसला आणि मी नेहमीसारखा निघालो.

पोटरीच्या स्नायूपाशी आलो. "आलं ठिकाण, उतर," म्हटलं. तो हलला नाही. मूत्रपिंडापाशी म्हटलं, मेंदूपाशी म्हटलं. ढिम्म. उलट त्याच्या शेजारी बसलेले माझे खरे प्रवासीसुद्धा सीट धरून बसले, उतरायचं नावच घेईनात. मी दारोदार जात होतो आणि कुणालाच काही देत नव्हतो. मेंदूतल्या पेशी हात पसरून बसलेल्या, आणि मी भरल्या गाडीने त्यांच्या समोरून निघून जात होतो. आजवर पळण्याचा कंटाळा आला म्हणून मी कितीदा कुरकुरलो असेन. पण असं उगाच पळणं काय असतं ते तेव्हा कळलं आणि माझा नुसता तडफडाट झाला.

त्यात आणखी एक. त्या पाहुण्याला घेऊन बसलेला मी दिसायला छान लालभडक दिसतो. इत्तोच्या गालांवर त्या वेळी माझीच माणसं अडकलेली.

"अगं बाई!" हनिया दारातूनच ओरडली. "बाळंतीण आहेस का नवरी? गाल बघ, डाळिंब फुटल्यासारखे झालेत!"

लल्ला तूदाचा चेहरा खाडकन उतरला. कौतुक केलं की लगोलग 'तबारकल्ला' म्हणायचं, म्हणजे दृष्ट लागत नाही. हनिया काही म्हणेना.

"म्हण की!"

"म्हणतेय गं, तोंडात खजूर आहे ना," हनिया चावत चावत म्हणाली. "हं. तबारकल्ला, तबारकल्ला. झालं समाधान?"

ती थोडं बसली, बाळाच्या उशाशी अंडी ठेवली, पाठदुखीचं रडगाणं गायलं आणि गेली. ती जाताच इत्तोने कपाळ धरलं.

"लल्ला, डोकं ठणकतंय. मळमळतंय."

"ठणकणारच! खजूर गिळून झाल्यावर म्हटलेलं तबारकल्ला काय कामाचं? त्या बयेची नजरच वाईट. माझी शेळी अशीच आटली होती." असं म्हणताना लल्ला तूदानेही स्वतःची कानशिलं दाबली. "माझंसुद्धा दुखायला लागलं बघ. दोघींना लागली."

मग तिने दृष्ट काढायचं ठरवलं, आणि ठरवलं की ती अर्धवट काही करत नाही. शेगडीत आणखी कोळसे घातले. हरमलाचे दाणे आणि तुरटीचा खडा इत्तोच्या डोक्यावरून, बाळावरून ओवाळून निखाऱ्यांवर टाकला. दृष्ट जळताना वाऱ्याने परत फिरू नये म्हणून खिडकीच्या फटीत लोकरीचं फडकं ठासून बसवलं आणि दाराखाली घोंगडी सरकवली. दाणे तडतडले. तुरटी फसफसून फुगली. मी फुप्फुसातून ओरडत होतो, अगं नको, नको गं! पण माझ्या ओरडण्याला आवाज कुठला?

फुगून गार झालेल्या तुरटीत ज्याची दृष्ट लागली त्याचं रूप दिसतं म्हणतात. लल्ला तूदाने चिमट्याने खडा उचलला, उजेडात धरला.

"हे बघ, हे बघ नाक! हनियाचंच. भोपळ्याएवढं."

इत्तो हसली नाही. तिने डोळे मिटले होते. लल्ला तूदाला वाटलं, दृष्ट उतरली, पोरीला झोप लागली. आता खडा तिठ्यावर टाकून यायचा, मागे वळून न बघता. ती शाल गुंडाळून निघाली. दार तिने चांगलं ओढून घेतलं, घोंगडीही पायाने सारखी केली.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. मी, इत्तो आणि कुशीतली ती इवलीशी पोर.

त्या वेळचं नीटसं सांगता येणार नाही, कारण डोळ्यामागे अंधार होता आणि कानात गुणगुण. हृदय वेड्यासारखं ढकलत होतं. मी फुप्फुसात गेलो की तिथे प्राणवायूचे दोन-चार जण दिसायचे, आणि माझ्या चारांतल्या तीन जागा अडलेल्या. पोर आधी आईचं दूध चोखत होती. मग चोखणं सैल पडलं. मग थांबलं. तिच्या आत तो कोवळा भाऊबंद होता, माझ्याहून घट्ट पकडीचा. त्याने त्या पाहुण्याला कसं धरलं असेल ते मला सांगायला कुणी नको होतं. मी तिच्यापर्यंत पोचू शकत नव्हतो. वारेची वाट बंद झालेली. ती माझी जिवाभावाची, आणि मी तिच्यापासून कातडीभर अंतरावर नुसता गरगरत होतो.

तिकडे बाहेर काय झालं ते लल्ला तूदाने पुढे कित्येकदा, ज्याला त्याला सांगितलं, म्हणून मला ठाऊक.

तिठा येण्याआधीच तिचं डोकं दुखायचं थांबलं. ती खूश. खडा टाकला, थुंकली, न बघता वळली. घरी आली, दार उघडून आत आली, घोंगडी पुन्हा सारखी केली आणि सुनेचे पाय चेपायला बसली. आणि पुन्हा तिच्या कानशिलात घण पडायला लागले.

इथेच म्हातारीने डोकं चालवलं. डॉक्टरकीचं नव्हे, तिचं स्वतःचं. हनिया माझ्याकडे बघून डाळिंब तर म्हणाली नाही, मग दृष्ट माझ्यामागे का लागावी? तिठ्यावर होते तोवर ठीक, आत आले की दुखतंय. म्हणजे दृष्ट माझ्यावर नाही, पोरीवर नाही. ती या खोलीवर बसली आहे. खोलीची दृष्ट काढायला तुरटी पुरत नाही. खोलीतून माणसंच बाहेर काढावी लागतात.

"इत्तो! ऊठ पोरी!"

इत्तो उठेना. लल्ला तूदाने बाळाला उचललं तर मान लुळी. मग चाळीस दिवस, हाडातली थंडी, नणंद, सगळं एका झटक्यात विसरून तिने लाथेने दार उघडलं आणि तिचा तो माकडं वळवणारा आवाज लावला.

"हनिया! अगं ए हनियाऽऽ!"

हनिया तिच्या पायरीवरचा बर्फ खरवडत होती. फावडं टाकून धावली. "काय झालं?"

"पाय धर तिचे! आपण नंतर भांडू!"

दोघी म्हाताऱ्यांनी इत्तोला गादीसकट फरफटत अंगणात आणलं. बर्फ तिच्या तोंडावर पडला. तिने श्वास घेतला, लांब, कण्हत, आणि फुप्फुसाच्या दारात एकदम गर्दी झाली. थंडगार, खराखुरा प्राणवायू! माझी एकच जागा रिकामी होती, त्यावर तो बसला, मी पळालो, मेंदूपाशी उतरवला, परत आलो. पुन्हा. पुन्हा. अडलेले तिघे अजून उठत नव्हते, पण एक तरी गाडी चालू होती.

पोर मात्र रडेना. हनियाने तिच्या तळव्यांवर टिचक्या मारल्या, तोंडावर फुंकर घातली. लल्ला तूदा छाती बडवत उभी. हनियानेच हद्दूला फोन लावला. तो मेकनेसला निघायच्या बेतात होता. भरलेली टॅक्सी घेऊन तसाच आला, आणि सहाही प्रवासी गल्लीत बर्फात उतरून उभे राहिले. त्यांतल्या एका बुवाने अंगावरचा जाड झगा काढून इत्तोवर टाकला.

दवाखान्यात इत्तोच्या तोंडाला मुखवटा लावला आणि प्राणवायूचा असा लोंढा आला की मी जन्मात पाहिला नव्हता. एवढ्या रेट्यापुढे तो बिनवासाचा पाहुणा हळूहळू खुर्ची सोडू लागला. एक उठला, मग दुसरा. पोरीला पारदर्शक पेटीत ठेवलं होतं. इत्तोला शुद्ध आली तसं तिने पहिलं पोरीचंच विचारलं, आणि सगळे पलीकडच्या खोलीकडे बघू लागले, तेव्हा तिच्या हृदयाने मला असं भिरकावलं की मी कुठे आपटलो ते मलाही कळलं नाही.

"शेगडी आत होती ना?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं. "खिडकी बंद?"

"दृष्ट होती," लल्ला तूदा म्हणाली.

"लल्ला, कोळशाचा वायू होता तो. त्याला वास नसतो."

"मग तिठ्यावर माझं डोकं दुखायचं का थांबलं?"

"तिथे मोकळी हवा आहे म्हणून."

लल्ला तूदाने ते ऐकून घेतलं. मानलं असं नाही म्हणता येणार. हनिया बाजूला बसली होती, तिला मात्र राहवलं नाही. "आणि माझं नाक?" म्हणाली. "भोपळ्याएवढं दिसलं, टॅक्सीत तूच सांगितलंस." लल्ला तूदाने तिचा हात घट्ट धरून ठेवला होता, तो काही सोडला नाही.

संध्याकाळी पलीकडच्या खोलीतून मांजराच्या पिलासारखा आवाज आला. मग जरा मोठा. मग पोरीने जो गळा काढला तो थेट आजीवर गेलेला. मी तेव्हा इत्तोच्या कानाच्या आत होतो. माझं नशीब! तिच्या छातीत दूध दाटलं, हृदय उधळलं, आणि मी पुन्हा ढकलला गेलो, चल, चल, थांबू नकोस. मी रडलो असतो, पण मला डोळे कुठले? तिचेच होते, त्यांतूनच वाहिलं.

आता मी म्हातारा झालोय. आमच्या पेशीच्या भिंती ताठरल्या आहेत, अरुंद गल्ल्यांतून जाताना अंग चोरता येत नाही. प्लीहेत आमच्यासारख्या जुन्यांना पकडून मोडायची जागा आहे. मागच्या फेरीला तिथून जेमतेम निसटलो. मला मोडतील, माझं लोखंड कुणा नव्याला देतील. त्यालाही तो प्रवासी ओळखता येणार नाही. माझ्या जातीत कुणालाच येत नाही, येणारही नाही. तुम्हाला नाक आहे तेही फसतं, मान्य. पण तुम्हाला हात आहेत, दारं आहेत. मला दोन्ही नाही, म्हणून विनवणी करतो, शेगडी बाहेर ठेवा, दार उघडा.

आणि हे बघा, बोलता बोलता पुन्हा तेच. इत्तो आणि पोर घरी आल्यात. बर्फ थांबलेला नाही. इत्तोचे हात अजून गारच आहेत, आणि लल्ला तूदा अंगणातून शेगडी घेऊन येते आहे. निखारे लालबुंद, धुराचा मागमूस नाही.

"हरमल नाही टाकत, पोरी. नुसते कोळसे. डॉक्टरीणबाईंना काय कळतंय आपली थंडी? जरा वेळ ठेवते."

इत्तोने आजवर या बाईला उलट उत्तर दिलेलं नाही. ती उठते. दारात जाते आणि आडवा हात चौकटीला टेकवून उभी राहते. मी त्या दंडात आहे. आम्ही थोडे आहोत, दंड थरथरतो आहे.

"लल्ला, शेगडी आत आली तर मी आणि माझी पोर बाहेर."

"या बर्फात?"

"या बर्फात."

लल्ला तूदा शेगडीवरची पकड बदलते. निखाऱ्यांची धग तिच्या बोटांना लागते आहे.

"हात पोळतायत गं माझे."

"मग खाली ठेवा, लल्ला. तिथेच, अंगणात."

इत्तोचा हात खाली येऊ द्यायचा नाही. मी माझे सगळे प्रवासी त्या दंडात उतरवतो, चारही, परतीसाठी एकसुद्धा न ठेवता. शेगडी बर्फावर टेकल्याचा चर्र आवाज येतो. मी रिकामा होऊन निघतो. वाट प्लीहेवरून जाते आहे.